फडताळातला संगणक : देवगडच्या प्रकल्प नोंदी

२५ मे २०२५, रविवार

मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचला, असं हवामान खात्याने आज जाहीर केलं. आम्हाला ते सकाळीच कळलं होतं. खळ्यात वाळत घातलेली आमसुलं तीनदा आत-बाहेर झाली आणि शेवटी पडवीतच राहिली. मिरगाला येणारा पाऊस दोन आठवडे आधीच आला. झाडावर राहिलेल्या हापूसचं काय झालं ते उद्या बघू.

वीज दुपारी गेली, दिवेलागणीला आली आणि येताना जुना संगणक घेऊन गेली. एकदा 'टक' झालं, मग काहीच नाही. रात्री बॅटरीच्या उजेडात डबा उघडला. पॉवर सप्लायच्या तोंडाशी हिरवट थर, ग्राफिक्स कार्डाच्या पत्र्यावर तांबडा गंज, दोन स्क्रूंची तर डोकीच हातात आली. समुद्र घरापासून चारशे मीटर, मधे फक्त सुरूचं बन. नऊ वर्षं टिकला, यातच सगळं आलं.

फार वाईट वाटलं नाही, हे मात्र खरं. खेळांची चित्रं काढणारं जीटीएक्स १०६० कार्ड एकटंच १२० वॉटचं. खेळ चालू असला की भिंतीतून २३० वॉट ओढायचा आणि पंख्याचा आवाज ओटीवर ऐकू यायचा. इन्व्हर्टरवर त्याला कधीच जागा नव्हती. वीज गेली की खेळ संपला.

भाचा गणपतीला मुंबईहून येतोय. तोवर नवीन उभा करायचा.

२७ मे

लोक संगणक जुळवायला घेतात तेव्हा आधी कार्ड ठरवतात, मग बाकीचं त्याच्या मागे येतं. मी इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून सुरुवात करतोय.

बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास. कागदावर १८०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झरझर कमी होतं, म्हणून ९०० धरले. इन्व्हर्टर स्वतःचा वाटा खातो, तो वजा जाता साडेसातशेच्या आसपास उरतात. घराचा भार : तीन पंखे प्रत्येकी ७५ वॉट, चार एलईडी दिवे ३६, राउटर १०. एकूण २७१. म्हणजे पावणेतीन तास. पावसाळ्यात आमच्याकडे पावणेतीन तास पुरत नाहीत, हे निराळं सांगायला नको.

यात संगणकाला जागा करायची तर कोणाचं तरी ताट उचलावं लागेल. दिवे आणि राउटर नाही. उरले पंखे. नेहमीचा सिलिंग फॅन ७५ वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा तेवढाच वारा तिसाच्या आसपास देतो. माजघरातला आणि माझ्या खोलीतला असे दोन बदलले तर ९० वॉट सुटतात. संगणक आणि मॉनिटर मिळून त्या नव्वदात बसले पाहिजेत. ही माझी हद्द. कोणता खेळ किती फ्रेमने, म्हणजे सेकंदाला किती चित्रांनी चालतो, ते नंतर.

१ जून

आजपासून मासेमारी बंद. बंदरावर होड्या वर ओढल्यात, त्यामुळे गावात रिकामे सल्लागार भरपूर. "कार्ड नाही तर गेमिंग कसलं?" हा प्रश्न आज दोघांनी विचारला. रास्त आहे, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो.

स्वतंत्र कार्ड घ्यायचं तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं. ७० वॉट, वेगळी वायर लागत नाही, मदरबोर्डाच्या खाचेतूनच वीज घेतं. कार्ड चांगलं आहे. पण ७० त्याचे, वर प्रोसेसर, बोर्ड, पॉवर सप्लायमधली गळती, नव्वद ओलांडणारच. शिवाय त्याला पंखा वेगळा, म्हणजे आवाजाची दोन ठिकाणं आणि गंज चढायला दोन ठिकाणं.

दुसरा रस्ता म्हणजे ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे असा प्रोसेसर. एएमडीचा रायझन ५ ८६००जी जानेवारी २०२४ मध्ये आला. सहा कोअर, पोटात रेडिऑन ७६०एम. मोठा भाऊ ८७००जी याच्यात ७८०एम आहे, ग्राफिक्सचे आठाऐवजी बारा गट. पण दोघांनाही मेमरी तीच आणि तितकीच वाटून घ्यावी लागते, त्यामुळे किमतीतला फरक पडद्यावर तेवढा दिसत नाही. ८६००जी ठरला.

उगाच बढाई नको : चित्रांच्या ताकदीत हा माझ्या गंजलेल्या १०६० च्या मागेच आहे. नऊ वर्षांनी नवीन यंत्र घेऊन एक पाऊल मागे जातोय. त्या बदल्यात वीज एक तृतीयांश.

डबा : अ‍ॅसरॉकचा डेस्कमिनी एक्स६००. बोर्ड, पेटी आणि १९ व्होल्टचा १२० वॉटचा अ‍ॅडॅप्टर एकत्र येतात. आकारमान १.९२ लिटर, म्हणजे दोन लिटरच्या तेलाच्या कॅनपेक्षा जरा कमीच. पॉवर सप्लाय पेटीच्या बाहेर असल्याने त्याची उष्णताही बाहेर. आत प्रोसेसरवरच्या कूलरला उंची फक्त ४७ मिलिमीटर. ८६००जीच्या खोक्यात येणारा कूलर ५४ चा, तो बसत नाही. नॉक्टुआचा एनएच-एल९ए-एएम५ घेतला, ३७ मिलिमीटर, नळ्यांवर निकेलचा मुलामा. नुसत्या तांब्याचे कूलर देखणे असतात, पण दर संकष्टीला चिंचेने घासायला माझ्याकडे देवाची भांडी आहेत तेवढी पुरे.

सगळं मिळून साठ हजारांच्या घरात. ऑर्डर टाकली.

१२ जून

कुरिअर देवगडपर्यंत येतो असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात कणकवलीत येऊन थांबला. एसटीने जाऊन घेऊन आलो, खोका मांडीवर आणि वरून छत्रीचं पाणी. घरी उघडला तर मेमरीची एकच पट्टी. दोन मागवल्या होत्या, १६-१६ जीबीच्या. दुकानदाराला फोन केला. "चुकून राहिली, पाठवतो." बरं.

१३ जून

जुळवायला दीड तास. बोर्डावरच्या प्लास्टिकच्या कड्या काढून त्याच चार भोकांत कूलर बसतो. चारही स्क्रू कर्णावर थोडे थोडे आवळत न्यायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. घाम बोर्डावर पडू नये म्हणून कपाळाला पंचा बांधला होता. आई बघून गेली. "ह्यां कसलां? डब्याचा दुकान काडतंस काय?"

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. पोटात गोळा. वायर उपटली, पुन्हा सगळं उघडलं, मेमरी काढून घातली, पुन्हा काळाच. तिसऱ्या खेपेला आईने चहाला हाक मारली म्हणून तसाच चालू ठेवून गेलो, आणि परत आलो तर पडद्यावर बायोस, म्हणजे बोर्डाचा स्वतःचा सेटिंगचा पडदा.

दोष नव्हताच. डीडीआर५ मेमरी पहिल्यांदा लावली की बोर्ड तिच्याशी जुळवून घेतो, वेगवेगळ्या वेळा लावून तपासतो, आणि त्याला काही मिनिटं लागतात. तोवर पडदा काळाच राहतो. मी दर वेळी वायर उपटून त्याला पहिल्यापासून सुरू करायला लावत होतो. पहिल्यांदा चालू करताना चहा प्यायला निघून जावं.

१५ जून

एका पट्टीवर जीटीए पाच, १०८०पी, मध्यम सेटिंग : ३४ च्या आसपास फ्रेम. खेळण्यासारखं आहे, पण वळताना अडखळतं.

२१ जून

दुसरी पट्टी आली. तोच खेळ, तीच सेटिंग, तोच रस्ता : ५७. बाकी एका स्क्रूलाही हात लावलेला नाही.

स्वतंत्र कार्डाला स्वतःची मेमरी असते. इथे ग्राफिक्स आणि प्रोसेसर एकाच विहिरीवर पाणी भरतात. ५६०० वेगाची एक पट्टी सेकंदाला ४४.८ जीबी देते, दोन लावल्या की ८९.६. रहाटाला दुसरा पोहरा लागला, एवढंच. असा संगणक घेणाऱ्याने १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्याव्यात.

४ जुलै

दोन दिवस डब्याला हात लागला की झिणझिण्या येत होत्या. आधी भास वाटला. अनवाणी, ओल्या शहाबादीवर उभं राहून हात लावला तेव्हा खात्री पटली. चपला घालून काही नाही.

कारण समजायला सोपं आहे. अशा अ‍ॅडॅप्टरमध्ये खरखर गाळायला लहान कपॅसिटर असतात, ते किंचित वीज अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंग जागेवर असेल तर ती तिकडून जाते. नसेल तर डब्यात थांबते आणि मग माणसातून जाते. मल्टीमीटर लावला : अर्थची पिन मेलेली.

वायरमनदादा आले. आधी बाहेरचा अर्थिंगचा खड्डा बघितला, तो ठीक निघाला. आमच्याकडे जांभ्याची जमीन, मे महिन्यात खड्डा सुकून खडखडीत होतो, तेव्हा मीठ-कोळसा घालून पाणी ओतावं लागतं. पण आता जुलैत सगळीकडे पाणीच पाणी. दोष भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या आत होता : हिरवी वायर स्क्रूपाशी गंजून तुटलेली, नुसती टेकून उभी. किती वर्षं कोण जाणे. जुना संगणक नुसत्या म्हातारपणाने गेला असं आता मला वाटत नाही.

त्याच खेपेला दोन्ही बीएलडीसी पंखे लावून घेतले. आईची तक्रार एकच, रेग्युलेटरऐवजी रिमोट आहे आणि तो उशाखाली हरवतो.

१२ जुलै

वीज गेली आणि संगणक पुन्हा सुरू झाला. म्हणजे आधी बंद पडला. घरात पंखा थांबत नाही, दिवा मिटत नाही, हाच तेवढा पडतो.

इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, यूपीएस मोड आणि साधा मोड. यूपीएस मोडला तो मिलिसेकंदांत बॅटरीवर उडी मारतो, साध्या मोडला जरा रेंगाळतो. मग यूपीएस मोडलाच ठेवायचा ना? ठेवला. तर संध्याकाळी व्होल्टेज १७० वर उतरलं आणि वीज असूनही इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जायला लागला. त्या मोडला १८० च्या खालची वीज चालत नाही. टक, टक, टक, आणि रात्री खरोखर वीज गेली तेव्हा बॅटरी रिकामी. आमच्या वाडीच्या शेवटच्या खांबावर साधा मोडच चालतो.

मग दुसऱ्या टोकाने विचार केला. उडी मारतानाच्या त्या क्षणात संगणक जगतो तो अ‍ॅडॅप्टरच्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर. साठा ठरलेला. ओढ कमी केली तर तोच साठा जास्त वेळ पुरेल.

बायोसमध्ये प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे त्याला नेमून दिलेले वॉट, ६५ वरून ४५ केला. ६५ हे नावाला असतं, तेव्हा त्याला ८८ वॉटपर्यंत ओढायची मुभा असते. ४५ ला ती ६१ वर येते. भिंतीतल्या मीटरवर, खेळ चालू असताना : आधी ९१ वॉट, आता ७०. फ्रेम ५७ वरून ५५. दोन फ्रेमसाठी एकवीस वॉट जळत होते! ३५ पर्यंतही उतरवून बघितलं, ५४ वॉट, पण फ्रेम ४७ वर आल्या आणि खटकायला लागलं. ४५ वर परत आलो. मग सावल्या एक पायरी उतरवल्या आणि फ्रेमना ६० चं कुंपण घातलं. भिंतीच्या आड, आकाशाकडे बघताना शंभर फ्रेम काढत बसायची त्याला आता गरज नाही. स्थिरावला ६२ वॉटवर.

परीक्षा : मेन स्विच दहा वेळा पाडला. ९१ वॉटवर सात वेळा संगणक पडला होता. ६२ वर एकदाही नाही. मॉनिटर डोळा मिचकावतो, त्याला माफ.

हिशेब : संगणक ६२, मॉनिटर उजेड कमी करून १८, मिळून ८०. दोन नवे पंखे ६०, जुना एक ७५, दिवे-राउटर ४६. एकूण २६१. खेळ चालू असूनही घराचा भार मे महिन्यापेक्षा दहा वॉटने कमी आहे. हा आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला.

२० जुलै

आवाज. पंधरा दिवस मी समजत होतो की यंत्र निःशब्द आहे. खरं तर कौलांवर पाऊस होता. काल रात्री झड थांबली आणि ऐकू आलं.

फोनवरच्या ॲपने डेसिबल मोजायचा प्रयत्न केला. समुद्राची गाज, बेडूक आणि पागोळ्या यांतच आकडा ४८ च्या पुढे, संगणक चालू-बंद केला तरी काट्याला फरक नाही. म्हणजे मोजून शांत आहे. पण कानाला नाही. आई माजघरात झोपते, मधे फक्त लाकडी दार. सकाळी म्हणाली, "मधीच उसासो कित्याक टाकता तां?"

नेमकं तेच. त्रास आवाजाच्या उंचीचा नाही, चढउताराचा आहे. समुद्राची गाज याच्या कितीतरी मोठी, पण ती एकसारखी, म्हणून तिच्यावर झोप लागते. प्रोसेसर क्षणभर तापला की पंखा धावतो, निवला की थांबतो, पुन्हा तापतो. हाच आईचा उसासा.

म्हणून पंख्याचा आलेख सपाट केला. ७५ अंशांपर्यंत मिनिटाला १२५० फेरे, हलायचंच नाही. त्याच्या वर हळूहळू, आणि खाली येतानाही रेंगाळत. या ९२ मिलिमीटरच्या पंख्याची कमाल २५०० आहे. फेरे निम्मे केले की वारा निम्मा होतो, पण आवाज पंधरा-एक डेसिबलने उतरतो. पंख्यांचं गणित इथे आपल्या बाजूने आहे. खेळताना तापमान ८२ पर्यंत जातं. हा प्रोसेसर ९५ पर्यंत स्वतःला सांभाळतो, तेव्हा मी ८२ ला घाबरत नाही. ८८ वॉटच्या मुभेवर हा आलेख दहा मिनिटंही टिकला नसता, करून बघितलंय.

आज रात्री आई दारात उभी राहिली. "चालू आसा काय बंद?" चालू होता.

२९ जुलै, नागपंचमी

आता खरा शत्रू. दमटपणा मोजायचं छोटं यंत्र आणलं : खोलीत २७ अंश, ९५ टक्के. चामड्याच्या पट्ट्यावर बुरा, आणि स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाझर. ती बरणी बघूनच डोक्यात प्रकाश पडला. मीठ ७५ टक्क्यांच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळतं. बोर्डावर बसलेला खारा थर कोरडा असेपर्यंत बराचसा निरुपद्रवी, ओला झाला की गंज सुरू. म्हणजे पेटीच्या आत दमटपणा ७५ च्या खाली ठेवला की काम झालं. त्यासाठी हवेतलं पाणी काढायला नको. हवा पाच अंश गरम केली की तेच पाणी असूनही ९५ चे ७१-७२ टक्के होतात. जुन्या लोकांना हे गणिताशिवाय माहीत होतं. कपड्यांच्या कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचे तो याचसाठी.

पण बल्ब लावला तर वीज वाचवण्याच्या गप्पा कशाला मारायच्या? संगणक रात्रभर जागा ठेवला तर १३ वॉट, झोपवला तर २, आणि दोनाने ऊब येत नाही. मग राउटरकडे लक्ष गेलं. दहा वॉट, चोवीस तास, तसाही इन्व्हर्टरवर. माझ्या खोलीत चिऱ्याच्या भिंतीतच जुनं फडताळ आहे, आजोबांच्या वह्या असायच्या ते. खालच्या कप्प्यात राउटर, मधल्या फळीला भोकं पाडून वर संगणक. रात्री दार लोटून घ्यायचं, खेळताना सताड उघडं.

आज सकाळी फडताळाचं दार उघडून बघितलं : ३२ अंश, ७० टक्के. बाहेर ९४. भिंतीपलीकडच्या खोलीत वायफाय जरा मंदावलं, तेवढं सहन करायला लागेल.

उबेला मुंग्याही येणार हे मात्र विसरलो होतो. हवेच्या भोकांतून हुमल्यांची रांग. पिठाच्या जुन्या चाळणीची स्टीलची जाळी कापून आतून लावली, तापमान चार अंशांनी वाढलं. फळीला आणखी सहा भोकं पाडली, दोन अंश परत मिळाले. फडताळाच्या चौकटीला हळदीची रेघ. आजची पूजा त्यांनाही पोचली म्हणायची.

१६ ऑगस्ट

चार दिवस सलग झड. काही करायचं नव्हतं, काही केलं नाही. एक दिवस गडगडाट होता तेव्हा वायर काढून ठेवली, फायबर असलं तरी अ‍ॅडॅप्टर भिंतीतच असतो. फडताळात ७१.

२८ ऑगस्ट, ऋषिपंचमी

भाचा परवा आला. पहिला अर्धा तास तो संगणक शोधत होता. टेबलाखाली बघितलं, मॉनिटरच्या मागे बघितलं. "मामा, सीपीयू कुठाय?" फडताळ उघडून दाखवलं तर म्हणाला, हा राउटर आहे ना? खालचा राउटर, वरचा तो. कार्ड नाही हे कळल्यावर चेहरा पडला, खेळ सुरू झाल्यावर सावरला.

आज ऋषीच्या भाजीची ताटं उचलली आणि सात वाजता वीज गेली. माजघरात मखर, त्यावर एलईडीच्या माळा, मोजल्या तर २२ वॉट. घरात पाहुणे, तिसरा जुना पंखाही पूर्ण वेगाने. २६१ मध्ये २२ मिळवले. भाच्याचा आणि त्याच्या मित्राचा फुटबॉलचा सामना अर्ध्यावर.

आईने निवाडा दिला : "बाप्पाचो उजेड जावक नको. बाकी तुमी काय तां बघा."

आम्ही बघितलं. फ्रेमचं कुंपण ६० वरून ३० वर आणलं, मीटर ४४ वर आला. तेवढ्यात माळांची भरपाई नाही झाली, म्हणून मॉनिटरचा उजेड आणखी खाली, १४ वॉट. भाचा कुरकुरला की चेंडू जरा उड्या मारत चाललाय. मित्र हरत होता, त्याला चालत होतं. आरतीला दोघांना उठवलं, तेव्हा संगणक झोपवला आणि परत येऊन तिथूनच उचलला.

वीज नऊ वाजून वीस मिनिटांनी आली. बॅटरी ११.९ वर होती, म्हणजे आणखी ताणायला नकोच होती. झाकणं उघडली तर दोन खणांत पाणी प्लेटांच्या खाली. डिस्टिल्ड वॉटर घरात अर्धा लिटरच आहे. विसर्जनाला जाताना बाजारातून दोन लिटर आणणे, आणि तिसरा पंखा बदलून घेणे.